मँडेटमध्ये गव्हर्नर नेमकं करायचा काय? तुम्ही विचारलंत म्हणून

इतिहासावर गप्पा निघाल्या की कोणीतरी हे विचारतंच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती राष्ट्रसंघाने 'मँडेट' म्हणून म्हणजे विश्वस्त या नात्याने दुसऱ्या देशांकडे सोपवल्या ना, मग तिथे परत गव्हर्नर कशाला?

खरं सांगू, केनियासारख्या सरळ ब्रिटिश वसाहतीतला गव्हर्नर जे करायचा तेच हाही करायचा. ब्रिटनकडे सोपवलेला टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) घ्या. १९२० च्या ब्रिटिश हुकमाने तिथे गव्हर्नर बसला, कायदे त्याचे, कर त्याचा, पोलीस त्याचे. वर फक्त दरवर्षी जिनिव्हाला रिपोर्ट जायचा, तिथलं मँडेट कमिशन प्रश्न विचारायचं, पण प्रत्यक्ष येऊन तपासणी वगैरे काही नाही. आणि तिथल्या माणसाला तक्रार करायची तर अर्ज सरकारमार्फतच, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दक्षिण आफ्रिकेकडे सोपवलेल्या नैऋत्य आफ्रिकेत (आजचा नामिबिया) १९२२ ला बोंडेलस्वार्ट नावाचे तिथले स्थानिक लोक कुत्र्यांवरच्या करावरून (हो, कुत्र्यांवर कर) बिथरले तर प्रशासक हॉफमेयर स्वतः फौज घेऊन गेला, विमानातून बॉम्ब टाकले, शंभरावर माणसं मेली, त्यात बायका-मुलंसुद्धा. कमिशनने ताशेरे ओढले आणि विषय संपला.

तरी मँडेट अगदीच कागदी होतं असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण डोनाल्ड कॅमेरॉन, १९२५ ते १९३१ टांगानिकाचा गव्हर्नर. लंडनमध्ये वसाहतमंत्री एमरी टांगानिका, केनिया, युगांडा एकत्र करायच्या मागे लागलेला, तसं झालं असतं तर केनियातले गोरे मळेवाले इथेही डोक्यावर बसले असते. कॅमेरॉनने मँडेटच पुढे केलं, हा मुलूख आपल्याकडे इथल्या आफ्रिकन लोकांसाठी सोपवलाय म्हणून, आणि आपल्याच वरिष्ठांशी भांडला. म्हणून लगेच देवमाणूस करू नका हं त्याला, नायजेरियातून आणलेली टोळीप्रमुखांमार्फत राज्य करायची पद्धत त्यानेच इथे पसरवली, जिथे प्रमुख नव्हते तिथे शोधून उभे केले आणि झोपडीवरचा कर त्यांच्याकरवी गोळा केला.

आपल्या लोकांचाही यात संबंध आहे. भारत गुलाम असूनही राष्ट्रसंघाचा सदस्य होता आणि सदस्य देशांच्या लोकांमध्ये भेदभाव करायची मँडेटमध्ये मनाई, त्यामुळे केनियाच्या हायलँड्समध्ये (गोऱ्यांसाठी राखलेला डोंगराळ सुपीक भाग) भारतीयांना जमीन मिळत नव्हती पण टांगानिकात त्यांनी जर्मनांची जप्त झालेली मालमत्ता लिलावात घेतली. साहजिकच एकत्रीकरणाला तेही विरोधात होते. १९३१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने ती योजना बाजूला ठेवली.