हरळीला पाणी

आमच्या कॉलनीतल्या सार्वजनिक बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आहे. नानांना ती मान्य नाही. त्यांचं भांडण पाटीशी नाही, हिरवळीशी आहे. माळीदादा पाइप घेऊन तिला पाणी घालायला लागला की नाना काठी टेकून थांबतात. “आमच्या आईचा जन्म गेला रे हरळी खुरपण्यात, आणि तू तिला पाणी पाजतोस!” माळीदादा हसतो आणि पाणी घालत राहतो, कारण पगार त्याचाच मिळतो.

नानांचं खोटं नाही. लॉन म्हणून आपण कौतुकाने लावतो ती कितीतरी ठिकाणी हरळीच असते, आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वाही तीच. जमिनीखालून पसरणारी आणि एक कांडी राहिली तरी पुन्हा फुटणारी. पिकात ती शत्रू, बागेत शोभा.

ही बाग म्हणजे नानांच्या भावकीचा मळा. नाशिकच्या गंगापूर रोडला इमारती उगवण्याआधी इथे भाजीपाला होता, मग द्राक्षं. हल्ली नव्या ले-आउटमध्ये एकरभर जमीन असली की 10 टक्के मोकळी सोडावी लागते. म्हणजे 40 गुंठ्यांत 4. त्यात एक झोका, एक घसरगुंडी आणि उद्घाटनाची कोनशिला मावली की जागा संपते. आमचं नशीब थोर. विकास आराखड्यात इथे उद्यानाचं आरक्षण पडलं आणि मळ्याचा अख्खा तुकडा विहिरीसकट राहिला. राहिला म्हणजे कुणी इतिहास म्हणून जपला असं मात्र नाही. विहीर बुजवण्यापेक्षा तिच्यावर जाळी टाकणं स्वस्त होतं. द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल मजबूत होते, ते झोक्यांना लागले. चिंच रस्त्यात येत होती, पण ती तोडायला परवानगी कोण काढणार? म्हणून रस्त्यालाच वळण दिलं. आता 2021च्या कायदादुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, त्यामुळे चिंचेला कागदोपत्रीही मान आला. नानांच्या मते तिला तो मान त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनच आहे, कारण मळ्यातली जेवणं तिच्याखाली व्हायची.

प्रवेशद्वाराशी कुणाच्या तरी हौसेने फायबरची बैलजोडी बसवलेली आहे. शिंगं सोनेरी, डोळे दचकलेले. लोक तिथे फोटो काढतात. मला ती बघवत नाही. कारण खरे बैल जिथे राबले ती जागा पन्नास पावलांवर आहे आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

विहिरीच्या तोंडापासून एक उतार निघतो. ती धाव. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची मोठी चामडी पिशवी. तिचे बैल या उतारावरून खाली जात, नाडा म्हणजे मोटेचा दोर ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात, विहिरीच्या तोंडाशी असलेल्या हौदात, पाणी धबाधबा ओतलं जाई. मग बैल मागे मागे सरत पुन्हा वर. धाव किती लांब, तर विहिरीचं पाणी जितकं खोल तितकी. त्यामुळे धाव पावलांनी मोजली की विहिरीत न डोकावता खोलीचा अंदाज येतो. मला हे नानांनी सांगितलं तेव्हा मी लगेच मोजून बघितलं, आणि तेव्हापासून त्या जाळीपाशी मुलांना मी जास्तच ओरडते. मुलांना धावेचा दुसराच उपयोग सापडला आहे. ती सायकली घेऊन उतारावरून सुसाट खाली येतात आणि सायकल ढकलत पुन्हा वर जातात. इंजिन आलं, वीज आली, मोटा गेल्या, आणि त्या उताराला काम मात्र सुटलं नाही.

चालण्याचा ट्रॅक तर नेमका जुन्या बांधावरून जातो. नकाशा काढणाऱ्याला सरळ उंचवटा आयता मिळाला, त्यावर लाल मुरूम टाकला की काम झालं. आता याच बांधावरून नाना आणि त्यांच्या चुलतभावाची, आप्पांची, कोर्टात तारीख पडायची. दर नांगरटीला कुणीतरी बांध कोरतो हा आरोप, दोन्ही बाजूंनी. मोजणी झाली, फेरमोजणी झाली, वकिलांची पोरं शिकली. निकाल लागायच्या आत आरक्षणाचा निर्णय झाला आणि भांडायला बांधच राहिला नाही. आज त्यावरून सगळी कॉलनी फेऱ्या मारते. नाना आणि आप्पाही मारतात. एक उजवीकडून, एक डावीकडून. दर फेरीला दोनदा समोरासमोर येतात आणि दोन्ही वेळा दोघांनाही चिंचेत काहीतरी महत्त्वाचं दिसतं.

थंडीत ट्रॅकवर गर्दी वाढते. निफाडचा पारा किती उतरला यावर कानटोपी घातलेली मंडळी खूश असतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात आला की जणू आपणच तो उतरवला. नानांचा पुतण्या दिंडोरीकडे द्राक्षं करतो. पाणी उतरलेले, म्हणजे रस भरू लागलेले मणी अशा थंडीत तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसलेला असतो. एकदा कुणीतरी “काय मस्त गुलाबी थंडी पडलीय, नाना” म्हणालं, तर नाना म्हणाले, “गव्हाला बरी आहे.” त्यापुढे त्या विषयावर ते बोलले नाहीत.

यंदा विहिरीशेजारचा रिकामा कोपरा ओपन जिमला द्यायचा की मुलांना भाजी लावायला, यावर कॉलनीची बैठक झाली. जिमवाले संख्येने जास्त होते, पण त्यांच्यातलं कुणी बैठकीला आलं नाही. नानांनी वाफे बांधून दिले आणि मेथीचं बी फोकून टाकलं. दुसऱ्या दिवशी आप्पा येऊन उभे राहिले आणि मुलांनाच उद्देशून मोठ्याने म्हणाले, “पाणी चढाला नेतंय कुणी, विचारा जरा.” मग त्यांनीही चार वाफे घेतले, उताराला धरून. मेथी महिन्याभरात काढणीला येईल. दोघांच्या वाफ्यांमधून पाण्याचा एकच दंड, म्हणजे पाट, जातो. तो कुणाच्या हद्दीत, हे ठरवायला पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी जिमवालेसुद्धा येणार आहेत म्हणे.