मंडईत, चाकवत शोधताना

रविवार, दुपार

आईला चाकवत हवा होता. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने तो शब्दच पहिल्यांदा ऐकला असावा. म्हणून सकाळी मेट्रोने मंडईला गेले. सरकत्या जिन्याने वर आलं की पाच मिनिटांत तो दगडी अष्टकोनी मनोरा समोर.

आत शिरल्यावर मान आपोआप वर होते. मनोऱ्यासाठी नाही, भाजीवाल्यांसाठी. गाळ्यातली बाई उंचावर मांडी घालून बसलेली, पुढे वांगी-टोमॅटोची उतरंड, आणि आपण खाली पिशवी धरून उभे. एरवी रस्त्यावर आपण वाकून भाजी घेतो. इथे जरा अर्ज केल्यासारखं वाटतं. मला ते आवडतं.

मी ऐटीत एक जुडी उचलली. "ताई, तो चंदनबटवा आहे," वरून आवाज. मग त्यांनीच चाकवत काढून दिला. "चाळीस."
"तीसला द्या ना."
"सकाळची भवानी आहे, उगाच घासाघीस नको."
दिले चाळीस.

या मंडईची गंमत मला दर वेळी आठवते. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. मग ही इमारत झाली, १८८६ मध्ये, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट'. नगरपालिकेत सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. आणि आज पाटी कुणाच्या नावाची? महात्मा फुले मंडई! जोतीरावांना विचारलं असतं तर त्यांनी पाटीचा खर्चही शाळेकडे वळवला असता. पण भाजी विकून पोरांना शिकवणाऱ्या इथल्या बायका बघितल्या की वाटतं, नाव अगदीच चुकलेलं नाही.

बाहेर टिळकांच्या पुतळ्याजवळ ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या होत्या. एक घेतली आणि मेट्रोत सोलत बसले, शेजारच्या काकांनी न विचारता चार दाणे उचलले.

घरी आईने जुडी हातात घेतली, देठ मोडून पाहिला. "कोवळा आहे. केवढ्याला?"
"तीस."
"महाग दिलान्," म्हणाली आणि हरभऱ्याची डाळ भिजत घालायला उठली. ताकातली पातळ भाजी आता संध्याकाळीच होणार.