आधी आईबाप, मग पिल्लू

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डलूथ शहरात राहतो आणि सध्या तो इंग्लिश सेटर जातीचे पिल्लू घेण्याच्या तयारीत आहे. सहकाऱ्यांबरोबर शरद ऋतूत रानात जाऊन ग्राऊज या पक्ष्याची शिकार करण्याचा छंद त्याला लागला असून, इतरांची कुत्री काम करताना पाहून आपलेही एक असावे असे त्याला वाटू लागले आहे. मुंबईत आमच्या घरी कुत्री कायमच असल्यामुळे, आणि परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात त्यांना घेऊन जाण्यात माझे बरेच आयुष्य गेल्यामुळे, त्याने सल्ल्यासाठी मामाला फोन केला. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून अनेक ब्रीडरांच्या वंशावळी, तपासण्यांचे दाखले आणि चित्रफिती पाहिल्या. त्यातून जे माझ्या ध्यानात आले ते येथे लिहीत आहे, कारण मुंबईत कुत्रा घेणाऱ्यालाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि ते स्वाभाविक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंद आहे हे योग्यच आहे असे माझे मत आहे. त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, हाकणे, जाळ्यात धरणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे येते. मिनेसोटात मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि दिवसाकाठी किती पक्षी मारता येतील याची मर्यादा असते. बंदुका आणि काडतुसांवरील कराची रक्कम १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाकडे वळवली जाते. माझ्या बहिणीला हे सारे सांगूनही फारसे पटलेले नाही. परंतु भाच्याचा निर्णय झालेला होता आणि प्रश्न कुत्र्याचा होता.

पिल्लू पाहण्याआधी पक्षी समजून घ्यावा, असे मी त्याला सुचवले. ज्याला तेथे रफ्ड ग्राऊज म्हणतात तो पक्षी कोंबडीच्या कुळातला असून, कोवळ्या ॲस्पेन झाडांच्या दाट रानात राहतो. माणसाला तो दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर पंखांचा मोठा आवाज करीत उठतो आणि क्षणात झाडांआड जातो. सेटरचे काम इतकेच की वाऱ्यावर आलेला वास ओळखून पक्ष्यापासून योग्य अंतरावर थांबायचे, जागचे हलायचे नाही, आणि मालक येईपर्यंत पक्ष्यालाही जागेवर राहू द्यायचे. बंदुका येण्यापूर्वी हीच कुत्री पक्ष्यांपुढे दबकून बसत आणि शिकारी त्यांच्यावरून पुढे जाळे टाकीत. आज त्यातील जाळे गेले आहे, थांबण्याची वृत्ती मात्र रक्तात राहिली आहे. हे अंतर राखणे फार नाजूक असते. पिंजऱ्यात वाढवून सोडलेला लावा कुत्रा अगदी नाकाशी आला तरी बसून राहतो. रानातला ग्राऊज मात्र कुत्र्याने दोन पावले जास्त टाकली की पायी सटकतो किंवा उडून जातो. त्यामुळे पाळीव लाव्यांवर उत्तम काम करणारा कुत्रा ग्राऊजच्या रानात निरुपयोगी ठरू शकतो.

म्हणूनच माझ्या मते ब्रीडरला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा, किमतीचा किंवा पदकांचा नसून, या पिल्लांचे आईबाप कोणत्या पक्ष्यावर आणि कोणत्या रानात सिद्ध झाले आहेत, हा असला पाहिजे. माळरानावर दूरदूर धावणारा कुत्रा तेथील तीतराच्या जातीच्या पक्ष्यांसाठी हवाच असतो, पण दाट झाडीत तोच कुत्रा अर्धा वेळ नजरेआड राहतो आणि मालक त्याच्या गळ्यातील घंटेच्या आवाजामागे धावत राहतो. आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. उत्तरेकडील ग्राऊजची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. सेटर अकरा-बारा वर्षे जगतो असे धरले तर त्याच्या आयुष्यात एक संपूर्ण चक्र येते, म्हणजे काही वर्षे तरी दिवसभर हिंडून मोजकेच पक्षी भेटतील. अशा दिवशीही संध्याकाळपर्यंत मन लावून शोधत राहण्याची चिकाटी प्रशिक्षणाने फारशी वाढवता येत नाही. ती आईबापांत असावी लागते, आणि पक्षी कमी असलेल्या वर्षी त्यांनी कसे काम केले हे ब्रीडरला सांगता आले पाहिजे.

इंग्लिश सेटरमध्ये आता जवळजवळ दोन वेगळ्या शाखा झाल्या आहेत. प्रदर्शनातील कुत्री मोठी, भारदस्त आणि लांब झालरीची असतात. रानात काम करणारी कुत्री लहान, हलकी, सोळा ते पंचवीस किलोंच्या आसपासची असतात. कागदावर जात एकच असते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. एडवर्ड लॅव्हरॅक या इंग्रज गृहस्थाने १८२५ मध्ये पाँटो आणि ओल्ड मॉल अशी एक जोडी घेऊन पुढे सुमारे पन्नास वर्षे, त्याच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार, त्याच रक्तात प्रजनन केले. नंतर पर्सेल लुएलिन याने लॅव्हरॅकच्या कुत्र्यांचा दुसऱ्या रक्ताशी संकर करून रानातल्या कामाची शाखा घडवली आणि तिची कुत्री अमेरिकेत गेली. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदवहीतील पहिला कुत्रा, १८७८ मधील ॲडोनिस, हाही इंग्लिश सेटरच होता. इतिहास रंजक आहे, पण वंशावळीतील सात पिढ्यांपूर्वीचे प्रसिद्ध नाव दाखवून जो किंमत वाढवतो त्याच्याविषयी मी साशंक असतो. मला आई, बाप, आणि फार तर आजी-आजोबा पुरेसे आहेत.

त्यांतही आईला प्रत्यक्ष पाहावे. नर पुष्कळदा दुसऱ्या राज्यातला असतो आणि त्याची चित्रफीत पाहून समाधान मानावे लागते. आई मात्र घरातच असते. ती परक्या माणसाशी कशी वागते, पिल्लांपासून दूर असताना शांत राहते की अस्वस्थ होते, हे अर्ध्या तासात दिसते. भाच्याला मी आणखी एक काम सांगितले होते: त्याच जोडीच्या किंवा निदान त्याच मादीच्या आधीच्या वेतातील पिल्ले ज्यांनी नेली, त्यांच्याशी बोलावे. ब्रीडर आपल्या सर्वांत गुणी कुत्र्याविषयी बोलतो, तर आधीचे मालक सर्वसाधारण कुत्र्याविषयी बोलतात, आणि आपल्या वाट्याला बहुधा सर्वसाधारणच येणार असते. ज्या बाईंकडे तो शेवटी थांबला आहे त्यांनी तर त्यालाच उलट प्रश्न विचारले: कुत्रा घरात राहणार की बाहेर, हंगामात आठवड्यातून किती वेळा रानात जाशील, आणि नोकरीसाठी शहर बदलावे लागले तर काय करशील. कोणत्याही कारणाने कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो आपल्याकडेच परत आणावा, अशी अटही त्यांनी करारात घातली. असे प्रश्न न विचारता आगाऊ रक्कम घेणाऱ्यापेक्षा ही उलटतपासणी मला अधिक आश्वासक वाटली.

तपासण्यांबाबत तडजोड करू नये. अमेरिकेत नितंबाच्या सांध्यांचा अंतिम दाखला कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्यावरच मिळतो, त्यामुळे दीड वर्षाच्या मादीला वेत झाले असेल तर तिच्याकडे तो दाखला असणे शक्यच नाही. पांढऱ्या रंगाचे प्रमाण जास्त असलेल्या या जातीत जन्मजात बहिरेपण आढळते. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाचीही कानाची विद्युत चाचणी करता येते आणि प्रत्येक पिल्लाचा स्वतंत्र अहवाल मिळतो. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू टाळ्या वाजवून ओळखू येत नाही. सेटरचीच दुसरी जात असलेला आयरिश सेटर घेणाऱ्याने दृष्टिपटलाच्या आनुवंशिक ऱ्हासाचा आणि पांढऱ्या पेशींच्या एका जीवघेण्या दोषाचा अहवाल मागावा. यांपैकी दृष्टिदोषाचे जनुक १९९३ मध्येच सापडले असल्याने आज तो दोष असलेली पिल्ले जन्माला घालण्यास कोणतीही सबब उरलेली नाही.

प्रत्यक्ष पिल्लू निवडण्याविषयी मात्र माझे म्हणणे अनेकांना आवडत नाही. गळाच्या काठीला पक्ष्याचे पीस किंवा पंख बांधून तो पिल्लांपुढे नाचवायचा आणि जे पिल्लू एक पाय उचलून थबकेल ते घ्यायचे, ही पद्धत फार लोकप्रिय आहे, आणि त्याची छायाचित्रे देखणी येतात. परंतु ते पिल्लू डोळ्यांनी पाहून थांबलेले असते, नाकाने नव्हे. रानात त्याला पक्षी दिसणारच नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लात नाक, चिकाटी किंवा पक्ष्यापासूनचे अंतर राखण्याची जाण ओळखता येते असे मला वाटत नाही. निरोगी, धीट, माणसाकडे आपण होऊन येणारे आणि नव्या जागी थोड्या वेळात सावरणारे पिल्लू घ्यावे, आणि नर हवा की मादी एवढे सांगून बाकीची निवड ब्रीडरवर सोडावी. त्या बाईंनी ती पिल्ले रोज पाहिलेली असतात, आपण दोन तास पाहतो.

बंदुकीच्या आवाजाची भीती ही बहुतेक वेळा उपजत नसून माणसाने लावलेली असते, हे सांगताना मला दिवाळीतील मुंबई डोळ्यांपुढे येते. चाळीच्या चौकात किंवा सोसायटीच्या फाटकाशी फुटणाऱ्या सुतळी बॉम्बने कायमची बिथरलेली कुत्री आपण सर्वांनी पाहिली आहेत. बार आधी दूरवर, हलक्या आवाजाचा आणि पिल्लू पक्ष्यामागे गुंगलेले असताना काढायचा असतो. पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन सवय लावणे म्हणजे त्याला दिवाळीच्या रात्री गच्चीवर बांधण्यासारखेच आहे. भाच्याचे मित्र त्याला तसे करण्याचा आग्रह करीत होते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आता आमच्या मुंबईतील परिचितांविषयी. भाच्याने पाठवलेली सेटरची छायाचित्रे पाहून दोघा-तिघांनी मला, येथे असे पिल्लू कोठे मिळेल, असे विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी असते. दिवसभर धावण्यासाठी घडवलेला, लांब केसांचा कुत्रा मुलुंड किंवा बोरिवलीच्या दोन खोल्यांत, ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि पावसाळ्यात सतत ओल्या राहणाऱ्या लोंबत्या कानांसह ठेवणे, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. आरेकडे सकाळी मोकळे सोडू, असे कोणी म्हणते. तेथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. येथील तीतर आणि लावे संरक्षित आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे कुत्रा घालणे कायद्याने गुन्हा ठरतो. ज्या कामासाठी त्याचे आईबाप पारखून घ्यायचे, ते कामच येथे नाही.

कोणतीही जात घेतली तरी ब्रीडरची पारख मात्र येथेही तशीच करावी. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि मादीला सलग दोन हंगामांत वेत घेता येत नाही. तरीही पाच आठवड्यांची पिल्ले स्टेशनबाहेर टोपलीत घेऊन भेटायला येणारे विक्रेते आपल्याला माहीत आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, घरी जाऊन आईला पाहण्याचा आग्रह धरावा, आणि "आई गावी आहे" असे उत्तर आले तर तेथूनच परत फिरावे.