तुम्ही विचारलंत म्हणून: असलं पुस्तक मुलींना का देता?

हो, 'स्टोलन' अजून माझ्या कपाटात आहे. हो, नववी-दहावीच्या मुली ते नेतात. आणि नाही, मी ते काढणार नाहीये, निदान आज तरी. सोसायटीच्या मीटिंगपासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे तोच प्रश्न, की किडनॅपिंगचं पुस्तक मुलींच्या हातात कशाला देता, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. पुन्हा विचारलंत तर हेच फॉरवर्ड करीन.

ज्यांनी नुसतं कव्हर बघून मत बनवलंय त्यांच्यासाठी: लुसी ख्रिस्तोफरची 2009 सालची कादंबरी. 16 वर्षांची जेमा आईवडिलांशी वाद घालून बँकॉक एअरपोर्टवर कॉफी घ्यायला जाते, टाय नावाचा तरुण त्या कॉफीत औषध मिसळतो आणि ती थेट ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पोचते, जिथे पळायला जागा भरपूर पण पळून पोचणार कुठे. आणि अख्खं पुस्तक म्हणजे तिने त्यालाच लिहिलेलं पत्र. तिथेच सगळा घोळ आहे. इंग्रजीत नुसतं 'यू', पण आपण मनात वाचताना त्याचं 'तू' होतं, आणि पोलिसांना जबाब देताना कोणी आरोपीला 'तू' म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सी विंगमधली एक मुलगी, दहावीची परीक्षा नुकतीच झालेली, पुस्तक परत द्यायला आली. मी गुळांब्याच्या कैऱ्या किसत बसले होते. ती दारातच, एक चप्पल पायात, एक काढलेली. म्हणाली, "काकू, तो वाईट आहे ना? मग साप चावल्यावर तो तिला हॉस्पिटलला नेतो तेव्हा, हा पकडला जाऊ नये असं मला का वाटलं?" (सॉरी, स्पॉयलर.) मी मान वर न करता म्हटलं, "स्टॉकहोम सिंड्रोम म्हणतात त्याला." आणि किसत राहिले. ती जरा थांबली, मग म्हणाली, परत नेऊ का, आणि तेच पुस्तक पुन्हा घेऊन गेली.

चार दिवसांनी तिची आई पुस्तक घेऊन वर आली, मुलगी मागे. "ताई, यात तो हिला पळवतो आणि हिला तोच आवडायला लागतो, असंच आहे ना?" आता याचं खरं उत्तर 'हो, पण' असं आहे आणि त्या 'पण'लाच तासभर लागतो. मी म्हटलं, "छे हो वहिनी, मुलींनी सावध कसं राहावं याचं पुस्तक आहे ते, सेफ्टीचं." मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने ते दोनदा वाचलं होतं. मग ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. त्यानंतर आली नाही ती. आता लिफ्टमध्ये भेटलो तर हसते, पण नुसतीच.

घाबरले होते, दुसरं काय. कपाट बंद करायला लावतील म्हणून.

आणि ते सिंड्रोम म्हणजे तरी काय? 1973 साली स्टॉकहोमच्या एका बँकेत चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते, डांबून ठेवणाऱ्यांचीच बाजू घेऊ लागले, आणि त्यांच्या वागण्याला हे नाव चिकटवलं ते पोलिसांना सल्ला देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने. व्हिएन्नाची नताशा काम्पुश 1998 ला 10 वर्षांची असताना पळवली गेली, 2006 मध्ये स्वतः निसटली, आणि तो माणूस मेल्याचं कळल्यावर रडली. लोकांनी लगेच तोच शिक्का मारला, तिने तो साफ नाकारला. आठ वर्षं जवळपास एकच माणूस दिसत होता, त्याच्यासाठी रडायला आजार व्हावा लागतो का? हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, तरी एका पोरीला दोन शब्दांत गप्प केलं.

तुमची भीती मला कळत नाही असं नाही. आपल्याकडे 'पळाली' आणि 'पळवली' यात एका अक्षराचा फरक, आणि 18 च्या आतली मुलगी स्वतःच्या पायांनी गेली तरी पालकांच्या तक्रारीवर गुन्हा अपहरणाचाच लागतो. तुम्ही विचारता किडनॅपिंगबद्दल, पण पोटात गोळा येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या वहिनींचंही तेच होतं, मला वाटतं. विचारलं नाही.

बरं, पुस्तकाबद्दल माझीही तक्रार आहे. टाय देखणा आहे, पोरका आहे, चित्रं काढतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुटखा खाणारा असता तर त्या मुलीला तो प्रश्न पडला असता का? मलाही पहिल्यांदा वाचताना तो आवडलाच होता, आणि मी तर तेव्हा तिशी ओलांडलेली, संसारी बाई! आतल्या पानावर स्केचपेनने चिठ्ठी लिहून चिकटवली होती, 'थरारक! एका बैठकीत संपेल.' एवढंच सुचलं होतं मला. मागच्या महिन्यात ती चिठ्ठी खरवडून काढली, गोंदाचा पिवळा चौकोन राहिलाय. तिथे 'आधी आईला विचारा' लिहावं की काहीच लिहू नये, अजून ठरत नाहीये.

पुस्तक सध्या बी विंगमध्ये आहे. घरी सांगून नेलंय का, ते मी विचारलं नाही.