पायाखाली पाट

मागच्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा इतका धरला की वेणी घालायला हात वर जाईना. मी अकाउंट्समध्ये आहे, आठवड्यातले तीन दिवस डोंबिवलीहून लोअर परळ आणि दोन दिवस घरून, आणि या कामातल्या लोकांना 11 आणि 20 तारीख म्हणजे काय ते सांगायला नको, जीएसटीची रिटर्न्स, त्याच्या आधीचे चार दिवस आम्ही खुर्चीतून उठतच नाही. सगळे म्हणाले गाडीत लटकून झालं असेल, उशी बदल, बाम लाव. सगळं केलं, काही उपयोग झाला नाही.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "माऊस कुठे असतो तुमचा?" मी हात लांब करून दाखवला आणि दाखवता दाखवताच खांद्यात कळ आली! आमच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असतो, अकाउंट्सवाल्यांचं त्याच्याशिवाय चालत नाही, पण त्याच्यामुळे माऊस आणखी बाहेर जातो आणि हात दिवसभर अंगापासून लांब धरलेला राहतो. त्या म्हणाल्या, जड काही उचलायलाच लागतं असं नाही, स्नायू तासन्‌तास थोडासा जरी ताणून ठेवला तरी त्याला रक्त नीट पोचत नाही आणि मग तो आखडतो. उपाय काय, तर माऊस डाव्या हाताला घ्या. पहिले आठ-दहा दिवस फार चिडचिड झाली, कर्सर भलतीकडेच जायचा, पण मग हात बसला. आता आकडे उजव्या हाताने, माऊस डाव्या, आणि दोन्ही कोपरं अंगाजवळ.

घरचा प्रश्न वेगळा होता. वन बीएचकेत वेगळं टेबल ठेवायला जागा कुठे, म्हणून डायनिंग टेबल. ते साधारण अडीच फूट उंच, मी पाच फूट एक इंच, त्यामुळे टाईप करताना खांदे आपोआप कानाकडे जायचे आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जायचं. म्हणून खुर्चीवर जाड गादी घातली, कोपरं टेबलाच्या लेव्हलला आली, छान वाटलं, पण आता पाय जमिनीला टेकेनात, आणि पाय लोंबकळले की खुर्चीची कड मांड्यांखाली दाबते, तासाभरात मुंग्या! आई आठवडाभर आली होती, तिने बघितलं आणि माळ्यावरचा जुना पाट काढून पायाखाली दिला, पूजेचा नाही हं, तो द्यायला ती तयारच नव्हती. त्या दिवसापासून पाट तिथेच आहे. उंची अगदी बरोबर आहे.

लॅपटॉपचं म्हणाल तर स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र असतात हीच खरी अडचण आहे, स्क्रीन डोळ्यांसमोर घेतला तर हात वर जातात आणि हात खाली ठेवले तर मान वाकते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, ते पुढे झुकलं की मानेवर त्याच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून मी लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवते, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, आणि कीबोर्ड, माऊस वेगळे जोडलेत. त्या दोन वस्तूंचा खर्च मात्र करा, मी तो दोन वर्षं टाळला त्याचं वाईट वाटतं. आणि गाडीत मान खाली घालून मोबाईल बघणं मी बंद केलंय. तेवढा वेळ तरी मानेला सुटका, आता गाणी ऐकते.

पण हे सगळं नीट लावूनही न उठता बसलात तर दुखणारच, हे मला सगळ्यात उशिरा समजलं. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना आपण मोठे झाल्यावर स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात, त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते. मी टेबलावरची लिटरची बाटली काढली आणि छोटा ग्लास ठेवला. पाणी संपलं की उठायचं, पँट्रीपर्यंत जायचं. तेवढ्यात खिडकीतून लांबच्या टॉवरकडे बघायचं, डोळ्यांनाही आराम, कारण स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात आणि एसीत डोळे आणखीनच कोरडे पडतात.

एक गोष्ट मनापासून सांगते. बोटं बधीर होत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, कळ हातात किंवा पायात उतरत असेल तर पाट-बीट नंतर, आधी डॉक्टर. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधीर होत असतील तर मनगटातली नस दाबली जात असू शकते, ते बाम लावून जात नाही.

ऑफिसमध्ये डिस्पॅचला एक मुलगा दिवसभर उंच स्टुलावर बसतो, पाय हवेत. परवा त्याने कंबर दुखते म्हणून सांगितलं. अ‍ॅडमिनला पाठ असलेल्या खुर्चीसाठी मेल टाकलाय, दोनदा आठवणही केलीय. तोपर्यंत प्रिंटरच्या कागदांचे दोन भरलेले खोके एकावर एक ठेवून त्याच्या पायाखाली दिलेत.