बाईंचा कॉम्प्युटर आणि 1 जानेवारी 2016

गाण्याच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका घरी 27 टक्क्यांवर अडकलेल्या अपडेटकडे बघत बसलो होतो.

"अरे, पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांना बाण आलेत. परवा एक मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल. जाईल का रे?"

बाण म्हणजे शॉर्टकट. ऐकताक्षणी ओळखीचा रोग वाटला. म्हटलं, "बाई, कॉम्प्युटर बंद करा, पेन ड्राइव्ह काढून ठेवा आणि मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं माझं काम. बाहेरच्यांना वाटतं की दिवसरात्र चालणारी मशिनं जास्त बिघडत असतील. माझी निम्मी कामं येतात ती वर्षातून तीन-चारदा सुरू होणाऱ्या मशिनांची. तीन महिने झाकून ठेवलेलं मशीन चालू केलं की विंडोज, ब्राउझर, अँटिव्हायरस, प्रिंटर असे सगळे एकदम ताटं घेऊन बसतात. जुनी फिरती हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर जाते, माऊससुद्धा अडखळतो. मालकाला हवा असतो अर्धा तास, एक अर्ज भरायला. तो वैतागून बटण दाबून मशीन बंद करतो. अर्धवट अपडेट पुढच्या वेळी मागे फिरतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. मग मला फोन, "मशीन स्लो झालंय, रॅम वाढवू का?"

बाईंचं प्रकरण त्याहून सरळ असायला हवं होतं, कारण त्यांच्या कॉम्प्युटरला नेट नाहीच. त्या गाणं शिकवतात. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या विद्यार्थ्याला माइकसमोर बसवून गाणं रेकॉर्ड करायचं, त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं, मशीन बंद. वर झाकण. इतकाच वापर.

पोचलो तेव्हा पहिली गोष्ट विचारली ती ही, की रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी कुठे आहे. दुसरी कॉपी नव्हती. वर्षानुवर्षांचं काम एका पेन ड्राइव्हवर, आणि तोच पेन ड्राइव्ह कार्यक्रमाच्या वेळी ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपला लावलेला. कपाळावर हात मारावासा वाटला, पण बाईंसमोर तसं करता येत नाही.

हा किडा, म्हणजे पेन ड्राइव्हवरून पसरणारा व्हायरस, जुना आहे आणि मानायला हवं की डोकेबाज आहे. पेन ड्राइव्हवरचे खरे फोल्डर तो दडवतो, म्हणजे त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो. त्यामुळे नुसतं 'लपलेल्या फाइल दाखवा' म्हटलं तरी ते दिसत नाहीत, संरक्षित सिस्टिम फाइलींची खूणही वेगळी काढावी लागते. मग प्रत्येक फोल्डरच्या नावाचा शॉर्टकट तयार करतो, चित्रसुद्धा फोल्डरचंच. त्यावर डबल क्लिक केलं की आधी एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि पाठोपाठ खरा फोल्डर उघडतो. माणसाला हवं ते मिळतं, त्यामुळे शंका येत नाही. कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा बाणाखेरीज पुरावा नाही. बाईंच्या लक्षात आला हेच विशेष. या बाबतीत मी त्यांना माझ्या निम्म्या व्यवसायबंधूंच्या पुढे मानतो.

व्यवसायबंधूंचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्यात फॉरमॅट हे एकच औषध झालंय. खोकला आला, फॉरमॅट. ताप आला, फॉरमॅट. आधी आला होता त्या मुलाने पेन ड्राइव्हवर लाल रेघेने भरलेली जागा बघितली असती तरी त्याला कळलं असतं की फाइली आहेत तिथेच आहेत. शॉर्टकटनी कधी इतके जीबी व्यापलेत?

माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह आहे, त्याच्या अंगावर खरोखरीचं सरकवायचं बटण आहे. ते सरकवलं की त्यावर काहीही लिहिता येत नाही. हल्ली असे ड्राइव्ह शोधावे लागतात. किडा लागलेल्या मशीनला साधा पेन ड्राइव्ह लावायचा म्हणजे रोग पुढच्या घरी न्यायचा. या ड्राइव्हवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणारी वेगळी प्रणाली. बाईंचं मशीन त्यावरून चालू केलं. विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तिथे मेल्यासारखी पडून राहते, आणि विंडोजच्या त्या हिडन-सिस्टिम शिक्क्यांना तिथे कुणी विचारत नाही. बाईंचा ड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर समोर. "हे बघा," म्हटलं. त्यांनी एकेक नाव वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. मग पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

फक्त गाण्याच्या फाइली माझ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, बाकी काही नाही. हा माझा दिवसातला अभिमानाचा भाग होता आणि तो इथेच संपला.

कारण कॉपी होत असताना यादीतल्या तारखा दिसल्या. शेवटच्या 61 फाइलींची तारीख एकच होती, 1 जानेवारी 2016. वेळा सगळ्या मध्यरात्र ते पहाटे दोनच्या मधल्या. पहिल्यांदा वाटलं, किड्याचं काम. पण असा किडा तारखांना हात लावत नाही. मग आठवलं, मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर काहीतरी आलं होतं आणि माझ्या आधी बाईंनीच एफ वन दाबलं होतं.

"ते दाबायचंच असतं ना? मी नेहमी दाबते."

मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. मशीनची वीज गेलेली असताना घड्याळ तो चालवतो. मीटर लावला, 1.8. सेल मेला की घड्याळ प्रत्येक वेळी कारखान्यातल्या तारखेवर जातं. या बोर्डाची ती तारीख होती 1 जानेवारी 2016, रात्रीचे बारा. बाई संध्याकाळी पाचला रेकॉर्ड करत होत्या आणि मशीन लिहीत होतं मध्यरात्रीनंतरची वेळ. दर वेळी नवं वर्ष, तेच.

कॉपी हातात सुखरूप होती म्हणून आता त्या मशीनचं विंडोज चालू केलं. मला बघायचं होतं की अँटिव्हायरस काय करत होता. बाईंच्या भाच्याने 2021 मध्ये हौसेने एका वर्षाची वर्गणी भरून घातलेला, कंपनीचं नाव घेत नाही. उघडला तर मोठी हिरवी खूण, 'आपण सुरक्षित आहात'. बरोबरच आहे, त्याच्या लेखी 2016 साल चाललं होतं. वर्गणी संपायला अजून कैक वर्षं होती. मी घड्याळ आजच्या तारखेवर आणलं मात्र, क्षणात हिरव्याचं लाल. वर्गणी संपून तीन वर्षं उलटून गेलेली.

याची दुसरी बाजू अशी की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस आला की बाजूला होतो, आणि त्याची मुदत संपली की काही दिवसांनी आपणहून पुन्हा कामाला लागतो. चांगली सोय आहे. इथे मुदत कधी संपलीच नाही, त्यामुळे राखणदारही कधी उठला नाही. नेट नसल्यामुळे डिफेंडरच्या डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायच्या याद्या, जुन्या राहिल्या असत्या हे मान्य. पण हा किडा काही नवा नव्हता. 2021 च्या डेफिनिशनलाही बहुतेक सापडला असता.

शेवटी फॉरमॅट मीही केलं. एकदा किडा चालून गेलेल्या मशीनवर माझा विश्वास बसत नाही, कुठे काय ठेवून गेलाय कोण बघणार. तेव्हा त्या मुलाचं औषध बरोबर होतं, क्रम चुकला होता. हे त्याला सांगायला हवं, पण त्याचा नंबर बाईंकडे नाही.

जुन्या विंडोज 10 ची आवृत्ती 21एच1 होती, तिच्या दुरुस्त्या 13 डिसेंबर 2022 लाच थांबलेल्या. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज 11 ला इंटेलची आठवी लागते. म्हणून विंडोज 10 चीच शेवटची आवृत्ती, 22एच2, टाकली. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, पण घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची नोंदणी होते, ती करून दिली. त्या वर्गणीवाल्या अँटिव्हायरसला रजा, डिफेंडर चालू. नवा सेल. माझ्या फोनच्या नेटवर अपडेट व्हायला साडेतीन तास लागले, त्यात चार रीस्टार्ट.

बाईंनी रास्त प्रश्न विचारला, "नेटच नाही तर अपडेट कशाला?" मी स्टक्सनेटची गोष्ट सांगितली. 2010 मध्ये उघडकीला आलेला तो किडा इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पासाठी बनवलेला, जिथली यंत्रणा बाहेरच्या नेटला जोडलेलीच नव्हती. तो पेन ड्राइव्हवरून पसरायचा आणि त्याचं हत्यारही शॉर्टकटच. त्यावर क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं, विंडोजने शॉर्टकटचं चित्र पडद्यावर दाखवलं की काम झालं. ते भोक मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2010 मध्ये बुजवलं. ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांचं उघडंच राहिलं, नेट असो नसो.

"म्हणजे नेट नाही तरी दार आहेच," बाई म्हणाल्या.

मग ठरलं ते असं. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणून त्यानंतरच्या रविवारी बाईंनी फोनचं नेट जोडून मशीन दोन-तीन तास तसंच चालू सोडायचं, गाणं न करता. शेवटी रीस्टार्ट करायचं, मगच बंद. विंडोज 10 मध्ये नुसतं शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं. आतला गाभा झोपवून ठेवतात, पुढच्या वेळी लवकर जागा व्हावा म्हणून. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

वही बघून माझी डायरी आठवली. घरी येऊन 2021 चं पान काढलं. माझ्याच अक्षरात होतं, 'घड्याळ मागे पडतंय. सेल, पुढच्या वेळी.' त्या दिवशी पिशवीत सेल नव्हता एवढंच. त्याच भेटीत मी त्यांना सांगितलं होतं की विजांचा भरवसा नाही, काम झालं की प्लग काढून ठेवत जा. सल्ला आजही तोच देईन. पण प्लग लावलेला असला की घड्याळाला भिंतीतली वीज मिळते, काढलेला असला की सगळा भार सेलवर. आधीच दमलेला सेल मी एकट्यावर सोडून आलो.

आणि तिसरी गोष्ट डायरीत नाही, मला आठवते. बाई तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावात तारीख टाइप करायच्या, दोन बोटांनी, हळूहळू. मीच म्हटलं होतं, "बाई, कशाला त्रास घेता, तारीख कॉम्प्युटर आपणहून लिहितो."

किड्याने बाईंची एकही फाइल खाल्ली नाही. 61 गाण्यांच्या तारखा गेल्या त्या अशा गेल्या.

चार दिवसांनी कबुली द्यायला गेलो. सेलचं, प्लगचं, तारखेचं, सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, बहुधा नीट ऐकतही नव्हत्या. नवी हार्ड डिस्क लावून बसल्या होत्या, शेजारी वही. एका मुलाच्या फोल्डरमधली तीन गाणी आलटून पालटून लावत होत्या.

"ही आधीची," पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "अजून आवाज फुटला नव्हता त्याचा. ही दोन नंतरची. यातली कुठली आधीची ते कळत नाहीये. थांब, परत लाव."

मी परत लावलं.