लाल शाईच्या रात्री

"काका, लॅमिनेशन करून द्या. फ्रेम करून भिंतीला लावायचंय." एवढंच काम होतं.

ताईंनी पिशवीतून काढलेली वही फुगून पावासारखी झाली होती. निळसर कापडी पुठ्ठा, आत आडव्या लांब पानांवर रकाने. ताईंच्या आजोबांचं लॉगबुक, म्हणजे हवाई दलातल्या वैमानिकाची उड्डाणांच्या नोंदीची वही. 2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात चार दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर गच्चीवर उन्हात वाळवलं आणि फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप मारली. पुराच्या पाण्यापेक्षा त्या टेपनं जास्त वाटोळं केलंय, हे मी बोललो नाही. माणसं प्रेमानंच करतात तसं.

सोबत एका डबीत पितळी बटण होतं. पंख पसरलेला गरुड आणि वर मुकुट. हवाई दलाच्या नावातलं 'रॉयल' 26 जानेवारी 1950 ला गेलं, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. गणवेश वाळवीनं खाल्ला, राहिलं ते हे एक बटण. ताई ब्रासोनं चकचकीत करणार होत्या. म्हटलं, हात लावू नका.

बापाच्या वेळेपासून आमचं बाइंडिंगचं दुकान. पोथ्या, सातबारा, सोसायट्यांच्या किर्दी हेच बघत आलो. विमानाशी संबंध म्हणजे उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या कुंपणाशी उभं राहण्याएवढा. तरी लॅमिनेशनला मी नाही म्हणालो. प्लास्टिकच्या दोन थरांत गरम दाबून बसवलेला कागद परत बाहेर काढता येत नाही.

आठवडाभर ओलसर टीपकागद ठेवून, हाडाच्या पट्टीनं एकेक पान सोडवलं. बेगमपेठ, टायगर मॉथ. अंबाला, हार्वर्ड. ही शिकण्याची विमानं. मग डकोटा, माल आणि माणसं नेणारी. अक्षर बारीक आणि रेघेला धरून, शाई निळीकाळी. ही शाई लोहाची. कागदाच्या तंतूत मुरते, हवेनं आणखी काळी पडते आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणून चार दिवस बुडूनही सगळं वाचता येत होतं.

मार्च 1948 च्या पानावर हात थांबला. नऊ ओळींच्या जागी नुसता गुलाबी ओघळ.

आधी वाटलं, कुंकवाची पुडी सांडली असेल. मग लक्षात आलं की गुलाबी डाग ओळींच्याच जागी होते. रात्रीचं उड्डाण लाल शाईनं लिहायची रीत होती, आणि लाल शाई म्हणजे नुसता रंग, पाणी लागलं की वाहून जाणार. पुरानं ताईंच्या आजोबांचे दिवस ठेवले आणि रात्री धुऊन नेल्या.

ताईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आजोबा लढाईत नव्हतेच की. म्हणायचे, आमची विमानं म्हणजे एस.टी. मीठ, तेल, माणसं पोचवायची." घरात त्यांच्या नोकरीचं फारसं कौतुकही नव्हतं म्हणे.

पण महिन्याची गोळाबेरीज निळ्याकाळ्या शाईत होती, खाली फ्लाइट कमांडरची सही. हिशेबाच्या वह्या बांधून बांधून मला एवढं कळतं की मजकूर गेला तरी बेरीज बोलते. फेब्रुवारीअखेर रात्रीचे तास 61.20, मार्चअखेर 84.35. एका महिन्यात 23 तास 15 मिनिटं. कुठं?

गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून नोटा तपासायचा दिवा मागून आणला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पान दिव्याखाली धरलं. त्या काळच्या लाल शाईतला रंग या दिव्याखाली कधीकधी चमकतो. जुना कागद मंद, काळसर दिसत होता. सात ओळींत नुसता धूर. दोन ओळींत मात्र केशरी अक्षरं उमटली, तुटक पण वाचता येतील अशी. ताईंनी मान वाकवून मोठ्यानं वाचलं, "जम्मू, पुंछ. पुंछ, जम्मू."

काश्मीरच्या पहिल्या युद्धात पुंछला तेव्हा वेढा पडला होता. डिसेंबर 1947 मध्ये तिथं घाईनं धावपट्टी तयार केली, पण दिवसा ती शत्रूच्या तोफांच्या नजरेत असायची. म्हणून मार्चमध्ये डकोटा रात्री उतरवल्या, पंचवीस पौंडी गोळ्यांच्या तोफा पोटात घालून. मीठ, तेल नेलं असेलच. तोफांचं आजोबा घरी बोलले नाहीत.

ताईंनी मोबाइलमध्ये 'परशुराम'चा फोटो दाखवला. दुरुस्त करून मे 2018 मध्ये दिल्लीजवळच्या हिंडनला हवाई दलात आलेली ही डकोटा. तिच्यावरचा व्हीपी 905 हा नंबर 27 ऑक्टोबर 1947 ला शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. विमान बघून अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण ते विमान दुसरंच आहे, नंबर मानानं रंगवलेला. कोण कुठल्या रात्री कुठं उतरलं, हे असल्या बुरशी आलेल्या वहीतच सापडायचं.

"मग त्या दोन ओळी लाल पेनानं गिरवून द्या की."

"नाही ताई. ती आजोबांची सही केलेली वही आहे, माझी नव्हे."

दिसलं तेवढं वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं. फाटक्या कडांना गव्हाची खळ लावून जपानी टिश्यू चिकटवला, नवी जुजबंदीची शिलाई घातली, पेटी करून दिली. फ्रेमचा विषय परत निघाला नाही.

दिवा परत द्यायला गेलो. सराफ म्हणाला, "काय, नोट खोटी निघाली काय?"

"नोट न्हवं," म्हटलं, "वही हाय."